पोट फुगवणे, फुप्फुस मिटवणे
शल्यकर्माची वाटचाल : लेखांक ९

मागील लेखांकात भूलशास्त्रामुळे छाती आणि पोट उघडणे कसे शक्य झाले, ते पाहिले. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याच्या पुढचा आहे : या पोकळ्या शक्यतो न उघडता आतल्या अवयवांवर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत, जिला वऱ्हाडात सर्रास ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, तिचा अलीकडचा अवतार म्हणजे रोबोटिक शस्त्रक्रिया, आणि अमरावती-अकोल्याच्या रुग्णाला या दोहोंतून काय मिळू शकते, याचा विचार.

पोटाची पोकळी म्हणतात खरी, पण निरोगी माणसाच्या पोटात मोकळी जागा जवळजवळ नसते. यकृत, जठर, आतडी एकमेकांना बिलगून असतात आणि पोटाची भिंत त्यांच्यावर टेकलेली असते. म्हणून बेंबीजवळून एक सुई आत घालून कार्बन डायऑक्साइड भरला जातो आणि आतला दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतका राखला जातो, ज्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाते. हाच वायू निवडण्याचे कारण असे की तो पेट घेत नाही, त्यामुळे रक्तवाहिन्या विजेने डागताना धोका नसतो, आणि तो रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. साध्या हवेतला नायट्रोजन तसा विरघळत नाही आणि चुकून शिरेत गेल्यास त्याचा बुडबुडा हृदयात अडकू शकतो. नंतर पाच ते दहा मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, ज्यांना पोर्ट म्हणतात, भिंतीतून बसवून त्यांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारे आत नेली जातात. छातीत मात्र सगळे उलटे असते. बरगड्यांचा पिंजरा ताठ असल्यामुळे तेथे काही फुगवावे लागत नाही. उलट ज्या बाजूला काम करायचे त्या बाजूचे फुप्फुस मिटवावे लागते, आणि तेवढा वेळ रुग्णाचा श्वास दुसऱ्या एका फुप्फुसावर चालवावा लागतो.

या दोन तंत्रांचा उगम मात्र बराचसा एकत्र आहे आणि तो क्षयरोगाशी जोडलेला आहे. स्वीडनचे हान्स क्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० साली माणसाच्या पोटात आणि छातीत दुर्बिणीने पाहण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या काळी क्षयाचे फुप्फुस विश्रांतीसाठी हवा भरून मिटवले जाई, परंतु ते छातीच्या भिंतीला चिकटलेले असले तर मिटत नसे; ही चिकटलेली बंधने दुर्बिणीखाली जाळून सोडवण्याची शस्त्रक्रिया याकोबेउस यांनीच रूढ केली. आज जगभर पोटात वायू भरण्यासाठी वापरली जाणारी स्प्रिंगची सुई हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी १९३० च्या दशकात तयार केली, तीही मुळात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. क्षयावरचे औषध स्ट्रेप्टोमायसिन आले, छातीतील दुर्बीण मागे पडली, आणि सुई पोटाकडे वळली.

वऱ्हाडच्या खेड्यांत दुर्बीण पोहोचली ती पित्ताशयासाठी नव्हे, तर कुटुंबनियोजनासाठी. स्त्रीच्या बीजवाहक नलिकेवर एका छेदातून रबरी कडी चढवण्याची ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या शिबिरांतून होऊ लागली. देशात या शिबिरांचा वेग किती होता, याची कल्पना एका भारतीय शल्यचिकित्सकाने १९८९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या अहवालावरून येते, ज्यात त्याने एकट्याने केलेल्या अडीच लाखांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद आहे. या वेगाची किंमत पुढे स्त्रियांनीच मोजली. देशातील काही शिबिरांत कार्बन डायऑक्साइडऐवजी सायकलच्या पंपाने हवा भरली गेल्याचे २०१४ साली उघड झाले, त्याच वर्षी छत्तीसगडमधील शिबिरांनंतर अनेक स्त्रिया दगावल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत थांबवण्याचे निर्देश दिले. तंत्र तेच होते. त्याभोवतीची व्यवस्था नव्हती. पुढील सर्व विवेचनात हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील एरिक म्युह यांनी १९८५ साली केली, आणि भारतात ती मे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. उडवाडिया यांचे महत्त्व केवळ या पहिलेपणात नाही. त्यांनी १९७२ पासूनच जे. जे.मध्ये निदानासाठी दुर्बीण वापरण्यास आरंभ केला होता आणि महागड्या तपासण्या जेथे नाहीत तेथेच तिचा उपयोग सर्वाधिक, ही त्यांची धारणा होती. या शस्त्रक्रियेतला खरा अवघड भाग पित्ताशय सोडवणे हा नसून त्याची नळी आणि यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका यांत गल्लत न करणे हा आहे. मुख्य नलिका चुकून कापली जाण्याचे प्रमाण हजारी तीन ते पाच इतके सांगितले जाते. संख्या लहान असली तरी ज्याच्या वाट्याला ते येते त्याला पुढे मोठ्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणून सुजेने सगळे एकजीव झालेले दिसल्यास दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हे शल्यचिकित्सकाच्या शहाणपणाचे लक्षण मानले जाते, अपयशाचे नव्हे.

विदर्भात या शस्त्रक्रियेला एक वेगळा पदर आहे, तो सिकलसेलचा. या आनुवंशिक आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकारात वाकतात आणि एरवी १२० दिवस जगणारी पेशी अवघ्या १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतले रंगद्रव्य यकृताकडे जाऊन पित्तात साचते आणि त्याचे काळसर खडे बनतात. पित्तखडे हा एरवी मध्यमवयाचा विकार, परंतु सिकलसेलच्या रुग्णाला तो शाळकरी वयातही गाठू शकतो. नागपुरातून या आजाराचा अभ्यास १९५० च्या दशकातच प्रसिद्ध झाला होता आणि वऱ्हाडातील अनेक समाजांत तो आढळतो. अशा रुग्णात लहान छेदाचा लाभ उघड आहे, कारण बरगडीखालच्या मोठ्या जखमेमुळे खोल श्वास घेणे दुखते, फुप्फुसाचा तळ नीट फुलत नाही, तेथे प्राणवायू घटतो आणि पेशी वाकण्याचे दुष्टचक्र सुरू होते. परंतु दुर्बिणीचीही येथे स्वतःची जोखीम आहे : पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात शिरून त्याची आम्लता वाढवतो, थंड वायूने शरीर गार पडते, आणि आम्लता, गारठा व पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टी पेशी वाकवणाऱ्याच आहेत. म्हणून आदल्या रात्रीपासून शिरेवाटे द्रव देणे, गरजेनुसार आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणणे, शस्त्रक्रियागृह आणि रुग्ण उबदार ठेवणे, नंतर प्राणवायू व श्वसनाचे व्यायाम सुरू ठेवणे, हे सारे करावे लागते. एवढे करूनही फुप्फुसाची गुंतागुंत पूर्णतः टळत नाही. येथे कॅमेऱ्यापेक्षा रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ अधिक निर्णायक ठरतात.

छातीच्या बाबतीत वऱ्हाडातला नेहमीचा प्रसंग म्हणजे क्षय किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुसाभोवती साठलेला पू. सुरुवातीला तो पातळ असतो व नळी घालून निघतो. मग त्यात जाळी धरते. काही आठवड्यांनी फुप्फुसावर जाड साल चढते आणि ते फुलेनासे होते. दुर्बिणीने छातीत शिरून जाळी मोडण्याची योग्य वेळ मधल्या टप्प्यात असते, आणि रुग्ण पोहोचतो तो बहुधा तिसऱ्यात. गावचा डॉक्टर, मग तालुका, मग जिल्हा, अशा प्रवासात ही संधी निघून जाते आणि बरगड्यांमधून छाती उघडण्यावाचून मार्ग उरत नाही. शिवाय एकच फुप्फुस मिटवण्यासाठी श्वासनलिकेत दुहेरी नळी अचूक बसवावी लागते, जे पोटाच्या भुलीहून निराळे कौशल्य आहे. पित्ताशय दुर्बिणीने काढणे जिल्ह्याच्या गावी रूढ झाले तरी छातीची दुर्बीण मागे राहते, याचे हे एक मोठे कारण आहे.

रोबोट या साऱ्यात काय भर घालतो? सर्वप्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की तो स्वतःहून काहीही कापत नाही. दुर्बिणीच्या हत्याराचा दांडा पोटाच्या भिंतीवर टेकून फिरतो, त्यामुळे गावच्या हातपंपाप्रमाणे हात खाली गेला की आतले टोक वर जाते, आणि दांड्याला मनगट नसल्याने खोल अरुंद जागी टाका घालणे कठीण होते. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रात शल्यचिकित्सक बाजूच्या आसनावर बसून त्रिमितीय चित्र पाहतो, त्याची हालचाल यंत्र लहान करून, थरथर गाळून, मनगटासारख्या वळणाऱ्या टोकापर्यंत पोहोचवते. गुदाशय, पुरःस्थ ग्रंथी, छातीच्या मध्यभागातील थायमस ग्रंथी अशा अडचणीच्या जागी याचा उपयोग होतो. साध्या पित्ताशयासाठी तो वापरणे ही बव्हंशी हौस आहे. यंत्राची किंमत कित्येक कोटींत जाते आणि त्याची हत्यारे ठराविक वापरांनंतर बदलावीच लागतात. गुरुग्राममध्ये तयार होणाऱ्या ‘मंत्रा’ या भारतीय यंत्रामुळे हा खर्च उतरण्याची शक्यता निर्माण झाली आहे, परंतु वायू, भूल आणि रक्त यांची गरज तेथेही तीच राहते.

उपचारांचा खर्च उचलणारी राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता; अकोला पुढच्या टप्प्यात आला. अमरावतीत १९८४ पासून डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय शासनाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही आहे; अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे पाया आहे. प्रश्न त्याच्या पलीकडचा, दुर्गम मेळघाटाचा आहे, आणि दूरस्थ शस्त्रक्रियेचे नाव घेतले जाते ते अशाच भागांसाठी. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून रोबोटद्वारे जाक मारेस्को यांनी फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधील एका स्त्रीचे पित्ताशय काढले, हा त्याचा गाजलेला दाखला. त्याचे वर्णन करताना सहसा गाळला जाणारा तपशील असा की स्ट्रासबुर्गमध्ये त्या स्त्रीशेजारी भूलतज्ज्ञ होते, पोर्ट बसवणारे आणि तार तुटल्यास तत्क्षणी पोट उघडू शकणारे शल्यचिकित्सकही होते. मेळघाटातील धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात उद्या असे यंत्र ठेवले, तरी त्याच्याशेजारी हीच माणसे उभी करावी लागतील, आणि ती तेथे असतील तर साधे पित्ताशय काढण्यासाठी यंत्राची गरज उरणार नाही.