मापांवरून धातूचे वजन : मलिक-ए-मैदान तोफ आणि बांधकामाची सळई

धातूची प्रत्येक वस्तू तराजूत घालता येतेच असे नाही. जी घालता येत नाही तिचे वजन मापांवरून काढावे लागते. त्याचे सूत्र शालेय पुस्तकातलेच आहे : घनफळास घनतेने गुणिले की वस्तुमान मिळते. व्यवहारात यालाच वजन म्हणतात. सूत्र सोपे असले तरी कोणते माप किती काटेकोरपणे घ्यावयाचे, हा विवेक सोपा नाही. सोलापूरच्या परिसरातील दोन उदाहरणांवरून तो येथे स्पष्ट केला आहे.

पहिले उदाहरण सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील विजापूर (आजचे विजयपूर) येथील मलिक-ए-मैदान या तोफेचे होय. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती व तेथून १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली. तिची लांबी ४.४५ मीटर, बाहेरील व्यास १.५ मीटर आणि नळीचा आतील व्यास ०.७ मीटर अशी मापे सामान्यतः दिली जातात, आणि वजन ५५ टन सांगितले जाते. हे वजन विश्वसनीय आहे काय, याचा पडताळा घेता येतो.

तोफ हा सरळ वृत्तचिती आकार मानल्यास बाहेरील घनफळ = ०.७८५४ × १.५ × १.५ × ४.४५ = ७.८६ घनमीटर. नळीची पोकळी टोकापासून टोकापर्यंत आरपार आहे असे धरल्यास तिचे घनफळ ०.७८५४ × ०.७ × ०.७ × ४.४५ = १.७१ घनमीटर. बाकी राहिले ६.१५ घनमीटर. तोफेचा धातू कासे, म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू आहे. त्याची घनता दर घनमीटरास ८,७०० किलोग्रॅम धरली तर वजन सुमारे ५३.५ टन येते. तोफ संपूर्ण भरीव असती तर हेच वजन ६८.४ टन झाले असते. खरे वजन या दोन मर्यादांच्या दरम्यान असावयास हवे, आणि ५५ हा आकडा त्यात बसतो.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. तोफेचे मागील तोंड बंद असते. तेथे नळीच्या जागी धातूच असतो. अशा भरीव भागाच्या दर १० सेंटिमीटरांमागे सुमारे ३३५ किलोग्रॅम वजन वाढते. म्हणून ५५ मेट्रिक टन वजनासाठी मागील सुमारे ४५ सेंटिमीटर भाग भरीव असावा लागेल. जुन्या नोंदींतील टन हा ब्रिटिश, म्हणजे १,०१६ किलोग्रॅमचा असेल, तर हीच लांबी सुमारे ७१ सेंटिमीटर होईल. एककाचा उल्लेख गाळल्याने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसून येईल.

याहून मोठा फरक व्यासामुळे पडतो. बाहेरील सरासरी व्यास १.५ ऐवजी १.४५ मीटर निघाला, तर ५३.५ टनांचे ४९ टन होतात. केवळ पाच सेंटिमीटरांपायी साडेचार टन कमी. घनतेत एक टक्का चूक झाल्यास वजनात एकच टक्का चूक होते, परंतु व्यास वर्गाने येत असल्याने त्यातील एक टक्क्याची चूक जवळजवळ दुप्पट होते. म्हणून घनतेचे कोष्टक चाळण्यापूर्वी व्यास अनेक ठिकाणी मोजून त्याची सरासरी घेणे श्रेयस्कर.

या तोफेच्या वजनाचा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. १८५४ मध्ये ती निरुपयोगी माल म्हणून लिलावात काढली गेली, तेव्हा सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आल्याचे नमूद आहे. ५५ टनांचा हिशेब केला तर रुपयास सुमारे ३६७ किलोग्रॅम कासे, असा तो भाव होतो. तो विक्रीव्यवहार रद्द झाला व तोफ वाचली.

दुसरे उदाहरण आजच्या बांधकामाचे. पोलादाची घनता दर घनमीटरास ७,८५० किलोग्रॅम धरतात. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गास ०.७८५४ ने व मग ०.००७८५ ने गुणिले की एक मीटर सळईचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. दोन्ही स्थिरांकांचा गुणाकार ०.००६१६५, म्हणजे जवळजवळ १६२ वा भाग होतो. बांधकामावरील मंडळी ‘व्यासाचा वर्ग भागिले १६२’ असे जे सूत्र वापरतात, त्याचे मूळ हेच. १२ मिलिमीटर सळईचे वजन त्यानुसार मीटरला ०.८९ किलोग्रॅम व १२ मीटर लांबीस १०.६७ किलोग्रॅम येते.

मात्र बांधकामाच्या सळईवर उंचवटे असल्यामुळे तिचा खरा व्यास मापनयंत्राच्या जबड्यात सापडत नाही. तेव्हा हिशेब उलटा करावा लागतो : तुकडा तोलावा, त्याची लांबी मोजावी व वजनावरून छेदाचे क्षेत्रफळ काढावे. भारतीय मानक आयएस १७८६ ने हीच रीत स्वीकारली आहे. समजा, १२ मिलिमीटरच्या म्हणून घेतलेल्या सळईचा एक मीटर तुकडा ०.८३० किलोग्रॅम भरला. ०.८३० भागिले ०.००७८५ केल्यास क्षेत्रफळ १०५.७ चौरस मिलिमीटर येते. हवे होते ११३.१. व्यासात हा फरक अवघा ०.४ मिलिमीटरचा असून डोळ्यांस तो जाणवणार नाही, पण क्षेत्रफळात तो साडेसहा टक्क्यांचा आहे. या जाडीच्या एकेका नमुन्यास मानकाने सहा टक्क्यांपर्यंतच तूट चालविली आहे. म्हणजे हा नमुना नापास ठरतो.

सळई वजनावर घेतली तर तुटीमुळे ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. नगावर घेतली तर बुडतात. परंतु बांधकाम करणारा सळया नगानेच बसवितो. आराखड्यात बारा सळया असतील तर तुळईत बाराच पडतात, आणि प्रत्येकीचे क्षेत्रफळ साडेसहा टक्के कमी असेल तर तुळईतील ताण सोसणारे पोलादही तेवढेच कमी पडते. म्हणूनच सळयांची गाडी उतरवून घेताना एकूण वजनाची पावती पुरेशी नाही. नग, लांबी व वजन या तिन्हींचा मेळ घालणे अवश्य आहे.

सारांश, तोफेच्या बाबतीत मापे ज्ञात व वजन अज्ञात, तर सळईच्या बाबतीत वजन ज्ञात व माप अज्ञात. दोहोंस जोडणारा दुवा घनतेचा आहे, आणि दोन्हीकडे उत्तराची विश्वसनीयता मुख्यतः व्यासावर अवलंबून आहे.