मुखपृष्ठासाठी भांडणारे खेळाडू

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं नवं ‘प्लेयर्स हँडबुक’ १७ सप्टेंबर २०२४ला दुकानांत आलं. खेळाची पन्नाशी आणि सुधारलेले नियम यांवर भरपूर लिहून झालं आहे. पण मुखपृष्ठ जाहीर झाल्यापासून खेळणारी मंडळी नियमांइतक्याच पोटतिडकीने चित्रावर आणि बांधणीवरही वाद घालत आली आहे. बाहेरच्याला हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. मला तो अगदी योग्य वाटतो.

या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. डोळ्यांना दिसणारं असं समोर काय असतं? पुस्तक. त्यातली चित्रं पाहूनच प्रत्येकाच्या मनात ते जग उभं राहतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियर. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’चं मुखपृष्ठ त्याचं. एका अवाढव्य राक्षसी मूर्तीच्या अंगावर दोन चोर चढलेत आणि पहारीने तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटताहेत. खाली कुणी नकाशा पाहतंय, कुणी तलवार पुसतंय, मारलेल्या सरडामानवांची प्रेतं ओढून नेली जाताहेत. लढाई संपलेली आहे! चित्रकाराने ऐन रणधुमाळीचा क्षण सोडून त्यानंतरची आवराआवर रंगवली, आणि त्या एका चित्रातून खेळ कसा खेळायचा ते पोरांना कळलं: आत शिरा, डोकं चालवा, लूट घ्या, जिवंत बाहेर पडा. नियमांची शेकडो कलमं वाचूनही हे इतकं नेमकं कळलं नसतं.

त्याआधीच्या वर्षी, १९७७च्या याच खेळाच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये याच ट्रॅम्पियरने आपल्या पुराणांतला राक्षस काढला होता. वाघाचं डोकं, अंगात उंची कोट, हातात चिलीम. रामायण ऐकत वाढलेल्या आपल्याला हा राक्षस ओळखूही येणार नाही. पण त्या चित्राची पकड अशी की आजही जगभरचे खेळाडू राक्षस म्हटलं की वाघाचंच तोंड डोळ्यांपुढे आणतात. पुढे १९८८च्या सुमारास ट्रॅम्पियर या व्यवसायातून एकाएकी नाहीसा झाला. काही वर्षांनी तो इलिनॉयमधल्या कार्बनडेलमध्ये टॅक्सी चालवताना सापडला. २०१४ साली तो गेला. ज्याच्या रेषेने एका अख्ख्या पिढीची कल्पनाशक्ती घडवली, त्याचं आयुष्य असं सरावं याची मला अजूनही हळहळ वाटते.

आता नवं चित्र. टायलर जेकबसनने रंगवलेल्या मुखपृष्ठावर वीरांचा जथा आहे आणि सोनेरी ड्रॅगन आहे. त्यातला स्ट्राँगहार्ट हा ऐंशीच्या दशकातल्या खेळण्यांमधला नायक, त्यामुळे जुने लोक खूश आहेत. रंगकामात खोट काढायला जागा नाही. पण काहींना त्यात गर्दी वाटते, सिनेमाच्या पोस्टरसारखी मांडणी वाटते, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. हे वीर आधीच जिंकलेले दिसतात. मग मी, नवा खेळाडू, त्यांच्यात कुठे उभा राहू? छोट्या गेम-दुकानांसाठी वायली बेकर्टने केलेलं दुसरं मुखपृष्ठ मला कितीतरी जास्त आवडलं. तिच्या ड्रॅगनमध्ये गूढ आहे, कुतूहल आहे. तेच सर्वांसाठी का ठेवलं नाही?

चित्र माणसाच्या हातचं आहे ना, ही शंकाही आता हमखास निघते, आणि तिला कारण आहे. २०२३ साली याच खेळाच्या ‘बिग्बी प्रेझेंट्स: ग्लोरी ऑफ द जायंट्स’मधल्या काही चित्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचं चाहत्यांनीच शोधून काढलं. त्यानंतर प्रकाशक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ला चित्रकारांसाठी तसा वापर बंद करणारा नियम करावा लागला. प्रकाशकाच्या नजरेतून सुटलेलं वाचकांनी पकडलं. चित्रं इतक्या बारकाईने पाहणारा वाचक किती प्रकाशकांच्या नशिबी असतो?

छपाईचं गाऱ्हाणंही जुनं आहे. २०१४च्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या काही प्रतींची पानं सुटत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. २०२३ साली याच खेळाच्या ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’च्या संचातले पत्ते नीट उतरले नाहीत म्हणून छापील संच लांबणीवर पडला. कादंबरी माणूस एकदा वाचतो आणि कपाटात ठेवतो. हे पुस्तक दर आठवड्याला टेबलावर उताणं पडतं, पाच जणांच्या हातांतून फिरतं, त्यावर चहाही सांडतो. जुजबंदी चांगली असेल, म्हणजे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने नीट शिवलेले असतील, तर ते हा मारा वर्षानुवर्षं सोसतं. नुसत्या गोंदावर भिस्त असेल तर मधली पानं आधी हलतात. २०१४चं हँडबुक ३२० पानांचं होतं, नवं ३८४ पानांचं आहे. सोळा पानी फर्म्याच्या हिशेबाने चार फर्मे वाढले, म्हणजे पुठ्ठ्यावर आणि कण्यावर तेवढा ताण वाढला.

ऑगस्ट २०२४च्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या ‘जेन कॉन’ मेळाव्यात काही प्रती आधीच विकल्या गेल्या. पण नव्या पुस्तकाची बांधणी पहिल्या आठवड्यात कळत नाही, वर्षभराच्या वापरानंतर कळते. प्रकाशनाच्या वेळी किंमत ४९.९९ डॉलर होती. पुण्या-मुंबईच्या खेळाडूला त्यावर वाहतुकीचा खर्च पडतो, आणि पानं सुटलेली प्रत बदलून घेणं त्याला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाइतकं सोपं नाही. आतल्या पानावर चित्रकारांची नावं छापतात, ते उत्तमच. तशीच बांधणी शिलाईची की गोंदाची, कागद किती जाड, हेही पैसे घेण्याआधी जाहीर करायला प्रकाशकाला काय हरकत आहे? याच संचातलं ‘डन्जन मास्टर्स गाइड’ १२ नोव्हेंबर २०२४ला आलं आणि नवं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ फेब्रुवारी २०२५मध्ये. तेवढा वेळ त्यांच्या हातात होता.