पालखीपुढचा मुलगा आणि अक्कलकोटचा राजवाडा

अक्कलकोटला येणारा माणूस बहुधा वटवृक्षापाशी स्वामींचे दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि सोलापूरची गाडी पकडतो. राजवाड्याकडे वळणारे थोडे. वळले तरी नव्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात तलवारी-बंदुका पाहायच्या आणि परतायचे. मीही कित्येक वर्षे तसाच परतत होतो. या घराण्याचा मूळ पुरुष कोण, हे विचारावे असे कधी सुचलेच नाही.

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात उस्से नावाचा मनोऱ्या-शिखरांचा किल्लेवजा प्रासाद आहे. त्याची घडण मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकांतली. निद्रिस्त राजकन्येची गोष्ट शार्ल पेरोला याच वास्तूवरून सुचली, असे तिथे सांगतात आणि गोष्टीतले प्रसंग पुतळ्यांनी मांडून दाखवतात. तिथे वास्तू खरी आणि गोष्ट कल्पित. अक्कलकोटला मात्र परीकथेत शोभावी अशी गोष्टच इतिहासात घडली आहे. पेरोचा कथासंग्रह १६९७चा. आपली गोष्ट त्यानंतर दहाच वर्षांनी, १७०७ मध्ये घडली.

औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे निघाले. इकडे ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने कारभार पाहत होत्या. शाहू तोतया आहे, अशी त्यांच्या बाजूची भूमिका होती. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक गावाला, प्रत्येक पाटलाला कोणती तरी बाजू घेणे भाग होते. मराठवाड्यातल्या पारद गावी सयाजी लोखंडे पाटलांनी विरोध केला. चकमक झाली, पाटील पडले. त्यांच्या विधवेने आपला लहान मुलगा, राणोजी, महाराजांच्या पालखीपुढे आणून ठेवला. महाराजांनी त्याला पदरात घेतले, भोसले हे आडनाव दिले आणि नाव ठेवले फत्तेसिंह.

गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. महाराजांची दया आणि पोराचे नशीब! मला मात्र ते नाव अडवते. फत्ते म्हणजे विजय. तो विजय कोणता? ज्या चकमकीत मुलाचा बाप पडला, तोच. बापाच्या पराभवाची खूण त्या मुलाने जन्मभर नावात वागवली. आणि ती बाई? तिने बाळ पुढे केले ते शरणागतीपोटी, की गाव वाचावे म्हणून? बखरीच्या वळणाची कथा तिच्या मनात शिरत नाही.

पुढे विरुबाईंनी मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवले. फत्तेसिंहही नुसते लाडके राहिले नाहीत. १७२५ ते १७२७ या काळातल्या कर्नाटकच्या स्वाऱ्यांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते; सोबत बाजीराव पेशवे होते. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब मराठ्यांच्या कैदेत आला, त्या मोहिमेतही रघूजी भोसल्यांबरोबर तेच. अक्कलकोटचा मुलूख हा त्यांच्या घराण्याचा आधार. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले तेव्हा त्यांना पुत्र नव्हता, तरी साताऱ्याची गादी या मानसपुत्राकडे न जाता रामराजांकडे गेली. परीकथेत असे होत नाही.

फत्तेसिंह १७६० मध्ये वारले. त्यांचे नाव मात्र घराण्यात पुन्हा ठेवले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी गादीवर याच नावाचे राजे होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आता शस्त्रागारात गेलो की तलवारींसमोर मला आधी पारदची ती चकमक दिसते, आणि पालखीपुढे ठेवलेला, अजून राणोजीच असलेला तो पाटलाचा मुलगा.