हजारातले किती जण थांबले?

१० कोटी आणि १५ हजार. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे मुख्य कार्यकारी अधिकारी नील मोहन यांनी हे दोन आकडे सांगितले. आधीच्या वर्षभरात भारतातल्या १० कोटींहून अधिक चॅनेलांवर व्हिडिओ आले आणि त्यांपैकी १५ हजारांहून अधिक चॅनेलांना १० लाखांवर सबस्क्रायबर होते. भागाकार केला तर साधारण ६,६७० चॅनेलांमागे एक. भारतीय निर्माते, कलावंत आणि माध्यम कंपन्या यांना तीन वर्षांत मिळून २१ हजार कोटी रुपये दिल्याचेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. मात्र जो आज नवे चॅनेल काढतो आहे, त्याने आधी तो भागाकार ध्यानात घ्यावा.

गर्दी किती आहे ते पाहू. दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ यूट्यूबवर चढतात, असे कंपनी काही वर्षांपूर्वीच सांगत होती. तेवढेच धरले तरी एका दिवसाचे ७ लाख २० हजार तास होतात. न झोपता पाहत बसले तर एका दिवसाचा माल संपायला ८२ वर्षे लागतील. भारतात या गर्दीला वेग आला तो २०२० मध्ये. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. ‘भाडिपा’ हे मराठी यूट्यूब चॅनेल २०१६ मध्ये सुरू झाले, म्हणजे या लाटेच्या चार वर्षे आधी. तेव्हा जम बसवलेल्या चॅनेलांशी आज आरंभ करणाऱ्याने स्वतःची तुलना करून खचून जाऊ नये. तेव्हाचे मैदान वेगळे होते.

मग वाढ मोजायची कशी? बहुतेक जण सबस्क्रायबर मोजतात. माझ्या मते सगळ्यात फसवा आकडा हाच आहे. फेसबुकने २०१२ मध्येच सांगितले होते, की एखाद्या पेजची पोस्ट त्याच्या फॉलोअर्सपैकी सरासरी १६ टक्के लोकांपर्यंतच पोहोचते. म्हणजे हजारातल्या १६० जणांपर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचा बदल झाला आणि पेज चालवणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली. यूट्यूबवर तर पाहण्याचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे घडतो, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले होते. सबस्क्राइब केलेला माणूस तुमचे पान उघडून बसत नाही. त्याच्यासमोर काय ठेवायचे ते अल्गोरिदम ठरवतो. आणि २०१२ पासून तो केवळ व्ह्यूज मोजत नाही, माणूस किती वेळ थांबला यालाही मोठे वजन देतो.

आता ज्या आकड्यावर सगळ्यांची नजर असते तो घेऊ. चॅनेलला जाहिरातींचे पैसे सुरू होण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. समजा, तुमचा व्हिडिओ ८ मिनिटांचा आहे आणि लोक सरासरी ३ मिनिटे पाहतात. तर वर्षाला ८० हजार व्ह्यूज हवेत. महिन्याला ४ व्हिडिओ टाकले तर प्रत्येकाला साधारण १,६७०. आता तीच सरासरी साडेचार मिनिटांवर नेली, तर प्रत्येकी १,११० पुरतात. एकही नवा प्रेक्षक न शोधता गरज एक तृतीयांशाने घटली.

दुसरा मार्ग शॉर्ट्सचा: १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. म्हणजे रोज १ लाख ११ हजार, तेही सलग तीन महिने. शिवाय शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. शॉर्ट्समध्ये आधी सामायिक निधी तयार होतो आणि निर्मात्याच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के त्याला मिळतात. शॉर्ट्स करू नयेत असे मी म्हणणार नाही, नवे लोक तिथूनच येतात. पण मराठीत शेती, स्वयंपाक, इतिहास किंवा दहावीचे गणित मन लावून शिकवणाऱ्याने सगळी ताकद तिकडे लावणे मला चुकीचे वाटते.

मराठीचा प्रेक्षक लहान, ही तक्रार नेहमी ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, हिंदीवाले ५२ कोटी ८३ लाख. फरक सहापटींहून जास्त, हे खरे. पण वरचे १,६७० व्ह्यूज या ८ कोटी ३० लाखांशी ताडून पाहा: साधारण ५० हजारांत एक माणूस. भाषा कमी पडते आहे असे म्हणायला हा आकडा जागा ठेवत नाही. बहुतेकदा विषय इतका सैल असतो, की तो एक माणूस आपल्याला सापडतच नाही. ‘शेतीविषयी सर्व काही’ असे नाव असलेल्या चॅनेलपेक्षा द्राक्षाच्या छाटणीवर वर्षभर बोलणाऱ्या चॅनेलकडे नाशिक-सांगलीचा बागायतदार पुन्हा येण्याची शक्यता मला जास्त दिसते.

तो आला तरी थांबेल का? यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेलांच्या आणि व्हिडिओंच्या थंबनेलवर क्लिक होण्याचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. भडक थंबनेल लावून हजारातले १०० जण आत आणले आणि ते एकेका मिनिटात निघून गेले, तर हाती १०० मिनिटे. खरे तेच लिहिलेल्या थंबनेलवर ५० जण आले आणि चार मिनिटे थांबले, तर २००. सबस्क्रायबर विकत घेणाऱ्यांची गत याहून वाईट: ते लोक व्हिडिओ पाहत नाहीत, आणि यूट्यूबच्या नियमांत हे बसत नसल्याने चॅनेलही धोक्यात येते.

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर थांबले याचा, आलेख असतो आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले तेही तिथे दिसते. ‘नमस्कार मित्रांनो, चॅनेलला सबस्क्राइब करा, बेल दाबा’ यातच ती सेकंदे जात असतील तर ते आजच काढून टाका. आपले शेवटचे १० व्हिडिओ उघडा, ज्यात लोक सर्वांत जास्त थांबले तो शोधा, आणि पुढचा व्हिडिओ त्याच विषयाच्या आणखी खोलात जाऊन करा.