मेंदूचं रक्त वाढवणारी गोळी

अंगावरून वारं गेलं, म्हणजे मेंदूचा झटका आला, की घरचे डॉक्टरांकडे मागतात ते ‘मेंदूचा रक्तपुरवठा वाढवणारं’ औषध. पुरवठा कमी पडला तर तो वाढवावा, हे पटतंही चटकन. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे आपण होऊनच रुंद किंवा अरुंद होत असतात. जिथलं रक्त तुटलं, तिथल्या वाहिन्या आधीच होता होईल तेवढ्या रुंदावलेल्या असतात. त्यामुळे वाहिन्या रुंदावणारी गोळी उरलेल्या धडधाकट वाहिन्यांवरच काम करते. रक्त अडवणारी गुठळी जागची हलत नाही. सिटिकोलिन या औषधाचा दावा वेगळा: ते पेशींची आवरणं सांभाळतं म्हणतात. तो दावा २,२९८ रुग्णांवर तपासला गेला आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. ९० दिवसांनी औषध घेणारे आणि बिनऔषधाची गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. पिरॅसिटाम या दुसऱ्या औषधाचं १९९७ मध्ये ९२७ रुग्णांवर असंच झालं. चक्करेवरची सिनॅरिझिन तर म्हातारपणी फार दिवस चालू ठेवली, तर हातपाय कापणं, अंग ताठणं असा नवाच त्रास लावू शकते.

‘पण आमच्या माणसाला गुण आला ना,’ असं कोणी म्हणेल. आला असेलच. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू बराचसा आपला आपण सावरतो, व्यायामोपचाराने आणखी. श्रेय मात्र चालू असलेल्या गोळीला जातं. म्हणून तर तुलनेला बिनऔषधाचा गट लागतो.

गुठळी खरोखर विरघळवणारं अल्टेप्लेससारखं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांतच, आणि तेही सीटी स्कॅन झाल्यावर. कारण काही झटके गुठळीचे नसून रक्तस्रावाचे असतात आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. घरीच ॲस्पिरिन देणं हा म्हणूनच जुगार. त्यात किनवटसारख्या ठिकाणाहून नांदेडच्या रुग्णालयात जायचं तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणायला वेळ उरतच नाही. १०८ ला फोन करून, लक्षणं नेमकी कधी सुरू झाली ते लक्षात ठेवून, नांदेडमधलं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं मोठं इस्पितळ, सीटीची आणि या इंजेक्शनची सोय जिथे जवळ असेल तिथे थेट पोचायचं.

पुढचा झटका टाळायला कामी येते ती रक्तदाबाची साधी गोळी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६,१०५ रुग्णांच्या चाचणीत रक्तदाबाच्या औषधांनी पुन्हा येणारे झटके २८ टक्क्यांनी कमी झाले. गुठळीच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी आणि तंबाखू सोडणं हे त्याच्या जोडीला. पण पैशाची ओढाताण झाली की आधी बंद होते रक्तदाबाचीच गोळी, कारण ती घेऊन काही ‘वाटत’ नाही. महागडं सिटिकोलिन मात्र उसनवारी करून चालू राहतं.