जैन दांपत्य आणि विवाहविच्छेदाचा कायदा

इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका जैन पती-पत्नीचा परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज फेटाळला. २०१४ साली जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा मिळाला, सबब हिंदू विवाह कायदा त्यांना लागू करता येत नाही, असे त्यामागचे कारण होते. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने हा निर्णय रद्द केला. १९५५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्ये जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अल्पसंख्याक दर्जामुळे तो पुसला जात नाही.

कलम १३ मधील कारणे ठरलेली आहेत : व्यभिचार, क्रूरता, किमान सलग दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, सात वर्षे ठावठिकाणा नसणे. क्रूरतेत मानसिक छळही येतो. आणखी एक कारण आपल्या समाजास विशेष जवळचे आहे, ते म्हणजे संसारत्याग. पतीने किंवा पत्नीने दीक्षा घेतली की विवाह आपोआप संपला, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. कायद्याने तसे होत नाही. मागे राहिलेल्या जोडीदारास या कारणावरून घटस्फोट मागता येतो. मात्र हुकूमनामा होईपर्यंत विवाह कायमच असतो.

‘पटत नाही’ एवढ्यावर एकट्याचा अर्ज टिकत नाही. दोघांची संमती असल्यास कलम १३-ब आहे. त्यासाठी एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे.

ज्येष्ठांच्या बैठकीत समेट घडला तर उत्तमच. परंतु तेथे स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीपुढे सह्या केलेल्या फारकतीने विवाह संपत नाही. रूढीने चालत आलेली फारकत कायद्याने राखून ठेवली आहे खरी, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते आणि ते सोपे नसते. तशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावल्यास ते रद्दबातल ठरू शकते, शिवाय द्विविवाहाचा गुन्हाही अंगावर येतो.

व्यापारी घरात प्रश्न केवळ दोघांचा नसतो. सून पेढीत भागीदार असते, कंपनीत संचालक असते, बँकेच्या कॅश क्रेडिटला जामीनदार असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने जामीनकी सुटत नाही. पती-पत्नींतील समझोता बँकेवर बंधनकारक नसतो. मुक्ततेसाठी बँकेकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि बँक बदली जामीनदार मागू शकते. म्हणून वकिलाकडे पहिल्याच भेटीत विवाह नोंदणीचा दाखला, दागिन्यांची बिले, भागीदारीपत्र, कर्जाची मंजुरीपत्रे व आयकर विवरणपत्रे न्यावीत. माहेर-सासरहून मिळालेले स्त्रीधन पत्नीचेच असते, मग लॉकर कोणाच्याही नावे असो. पोटगीच्या प्रकरणांत मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांना द्यावे लागते, हे २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचे केले आहे. ‘दुकानात काही उरत नाही’ असे तोंडी सांगून तेथे भागत नाही.

पेढीचे जुने वकील घरचे म्हणून दोघांचेही काम पाहतात, हे टाळावे. सासऱ्यांचे वर्षानुवर्षांचे सल्लागार सुनेचे हित मोकळेपणाने कसे पाहणार? तिचा वकील वेगळाच असावा. फीची अडचण असल्यास १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असून, त्याचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.