खाऱ्या वाऱ्यावर कुठली गाडी?

फेब्रुवारी सरत आला की मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचा वारा अंगात येतो. सकाळी हवा मलूल असते, अकरा-बारापर्यंत जमीन तापते आणि मग समुद्राकडून वारा आत घुसतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. पण गोराई, मनोरी, आक्सा किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता उभं राहिलं की तो धडा शर्टात शिरतो. साधारण ताशी 15 ते 25 किलोमीटरचा हा वारा मे महिनाअखेरपर्यंत बहुतेक दुपारी भेटतो. ओल्या, टणक वाळूवर तीन चाकांची गाडी पळवायला तो पुरेसा आहे, इंजिन नको आणि पेट्रोलही नको.

या छंदाबद्दल कुतूहल असणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो निवडीचा. वाऱ्यावरच्या गाड्या दोन जातींच्या. एकीला होडीसारखी डोलकाठी आणि शीड असतं. तुम्ही तिच्यात जवळजवळ आडवे बसता, एका हाताने सुकाणूचा दांडा धरता आणि दुसऱ्या हाताने शिडाची दोरी ओढता किंवा सैल सोडता. दुसरी जात पतंगाच्या गाडीची. तिच्यावर डोलकाठी नाही, फक्त बसायची झोळी आणि तीन जाड चाकं. पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि दोन्ही हातांत 20 ते 25 मीटर लांबीच्या दोऱ्यांवर उडणारा, काही चौरस मीटरचा कापडी पतंग सांभाळायचा. संक्रांतीच्या पतंगाशी त्याचं नातं दूरचं. त्याला काड्या नसतात, बहुतेकांना चार दोऱ्या असतात आणि तो माणसाला ओढत नेण्यासाठीच शिवलेला असतो.

दोन्ही कल्पना जुन्या आहेत. 1600 च्या सुमारास सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने हॉलंडचा राजपुत्र मॉरिस याच्यासाठी शिडाची मोठी गाडी बांधली. शेव्हेनिंगेन ते पेटन असा किनाऱ्यावरचा प्रवास तिने दोन डझनांहून जास्त माणसं घेऊन केल्याचं सांगतात. पतंगाच्या गाडीचा मान ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरांकडे जातो. त्यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं आणि इंग्लंडच्या हमरस्त्यांवर ती चालवली. त्या काळी पथकर घोडे मोजून घेत. या गाडीला घोडाच नसल्याने तिला तो भरावा लागत नसे. मुलुंड-दहिसरच्या टोलनाक्यांवर वर्षानुवर्षं ताटकळलेल्यांना हा तपशील नक्की आवडेल. पोकॉक यांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने हवेत उंच उचललं होतं. ही मार्था म्हणजे क्रिकेटचे पितामह डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई.

आजच्या स्वरूपात दोन्ही गाड्या जगभर पोचल्या त्या न्यूझीलंडमधून. पतंगाची सुटसुटीत गाडी तिथल्या पीटर लिन यांनी 1990 च्या आसपास लोकप्रिय केली आणि पिशवीत मावणारी शिडाची छोटी गाडी, ब्लोकार्ट, पॉल बेकेट यांनी 1999 मध्ये आणली.

वेगाचं म्हणाल तर दोन्ही गाड्या वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने धावू शकतात. हे प्रथम ऐकताना पटत नाही. वारा पाठीमागून ढकलतो असं आपण गृहीत धरतो आणि तसं असतं तर गाडी वाऱ्याच्या वेगालाच अडली असती. पण या गाड्या वाऱ्याला आडव्या धावतात. गाडी पुढे गेली की समोरून तिचा स्वतःचा वारा तयार होतो, जसा लोकलच्या दारात उभं राहिल्यावर लागतो. मूळ वारा आणि हा धावण्याचा वारा मिळून शिडाला जो वारा लागतो तो मूळ वाऱ्याहून जोरदार असतो. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, चाकं बाजूला घसरू देत नाहीत आणि उरलेली ओढ गाडीला पुढे नेते. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवराच्या सुक्या मिठागरावर ग्लेन अॅशबी यांनी ‘होरोनुकू’ ही शिडाची गाडी ताशी 220 किलोमीटरच्या वर नेली. तेव्हा वारा होता ताशी सुमारे 40 किलोमीटरचा. पतंगाच्या गाडीचा 2012 मधला अमेरिकेतला विक्रम ताशी 135 किलोमीटरच्या आसपासचा आहे. आपल्या किनाऱ्यावर यातलं काही करायचं नाही. तरीही वाऱ्याच्या दीडपट वेगाने, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून धावणं ही साधी गोष्ट नाही.

मग आपण कुठली निवडावी? परदेशी वर्णनांत पतंगाचं पारडं बहुधा जड असतं: वजन कमी, सामान कमी, हलक्या वाऱ्यातही चालते. पण ती वर्णनं मैलोन्‌मैल रिकाम्या पसरलेल्या सपाट मैदानांची आहेत. आपला किनारा वेगळा आहे आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते.

आपला किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला. समुद्र पश्चिमेला, जमीन पूर्वेला. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ आडवा. शिडाच्या गाडीला यापेक्षा चांगली मांडणी मागूनही मिळणार नाही. पाण्याच्या कडेने दक्षिणेला जायचं, वळायचं आणि त्याच वाऱ्यावर उत्तरेला परत यायचं. वारा वायव्येचा असेल तर परतताना तो थोडा तोंडावर येतो. शिडाची गाडी तेवढ्या तिरक्या वाऱ्यात वर चढते. पतंगाच्या गाडीला तेच जड जातं, तिला नागमोडी जावं लागतं आणि त्यासाठी रुंद पट्टा लागतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा. पतंग नेहमी माणसाच्या खालच्या वाऱ्याला असतो, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे. खाऱ्या वाऱ्यात ती दिशा जमिनीची. तुम्ही पाण्याच्या कडेने धावत असता आणि तुमचा पतंग व त्याच्या ताणलेल्या दोऱ्या 25 मीटर आत, किनाऱ्यावर फिरत असतात. तिथे मुलं क्रिकेट खेळतात, भेळवाला उभा असतो, घोडागाडी जाते, त्यामागे सुरूची झाडं आणि विजेच्या तारा. मतलई वाऱ्यात पतंग समुद्रावर राहील हे खरं, पण आपल्याकडे तो वारा पहाटेचा आणि बहुधा दुबळा. शिडाच्या गाडीचं सगळं सामान तिच्या चाकांवरच असतं, डोलकाठीच्या उंचीपलीकडे ती कुणाला शिवत नाही.

दोरीविषयी तर हात जोडून सांगावंसं वाटतं. या पतंगांची दोरी काचेची नसते, पण डायनिमासारख्या चिवट तंतूची, बारीक आणि माणसाच्या वजनाने ताणलेली असते. धावत्या माणसाच्या मानेला ती लागली तर काय होईल हे मुंबईकरांना समजावून सांगायला नको. दर जानेवारीत उड्डाणपुलांवर दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या आपण वाचतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी त्या थांबलेल्या नाहीत.

शिवाय वर आकाश आहे. जुहूचं विमानतळ किनाऱ्याला लागून आहे, तिथून हेलिकॉप्टरं उडतात आणि सांताक्रूझच्या धावपट्टीची विमानं समुद्रावर जाताना याच पट्ट्यावरून जातात. 1934 च्या विमान कायद्याने ‘विमाना’च्या व्याख्येतच पतंगाला बसवलं होतं. 2025 च्या सुरुवातीला त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आणि विमानांच्या मार्गाजवळ काही उडवण्याबाबत पोलीसही वेळोवेळी मनाई आदेश काढतात. जुहू-वर्सोव्याला मोठा पतंग ही कल्पना डोक्यातून काढून टाकलेली बरी.

सुरक्षेचा दुसरा भाग थांबण्याचा. दोन्ही गाड्यांना बहुधा ब्रेक नसतात. शिडाच्या गाडीत घाबरलात तर हातातली दोरी सोडायची, शीड फडफडायला लागतं, ओढ संपते. घाबरलेला माणूस जे करेल तेच इथे बरोबर असतं. पतंगाच्या गाडीत उलटं आहे. घाबरलेला माणूस दोऱ्या घट्ट ओढतो, पतंग समोरच्या जोरदार पट्ट्यात येतो आणि माणसाला झोळीतून उपटून बाहेर काढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे सोसाट्याचा एक झोत पुरतो. पतंग डोक्यावर नेऊन शांत ठेवायचा हे हाताला सवयीने कळतं, वाचून नाही. शिडाच्या गाडीतही धोका आहेच. ती दोन चाकांवर उभी राहते, कधी कलंडते. म्हणून तिच्यात पट्टा बांधायचा आणि हेल्मेट दोन्हीकडे घालायचं.

एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ब्लोकार्टसारख्या शिडाच्या गाडीला पाय लागत नाहीत. सुकाणू हाताचं, दोरी हाताची. कमरेखाली बळ नसलेला माणूस तीत बसून, धडधाकट माणसाच्या बरोबरीने आणि पुष्कळदा त्याच्या पुढे धावू शकतो. आपल्या चौपाट्यांवर चाकाची खुर्ची वाळूत रुतते आणि असा माणूस सिमेंटच्या कडेलाच थांबतो. दोन्ही हात आणि दोन्ही पाय मागणारी पतंगाची गाडी त्याला हे देऊ शकत नाही. उपनगरातल्या एखाद्या शाळेने किंवा मंडळाने या छंदात पैसे घालायचे ठरवलं तर फक्त एवढ्या कारणासाठीही मी शीड निवडीन.

पतंगाचं खरं बळ आहे ते घरात. अंधेरी-घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये सायकल ठेवायला जागा नसते. पतंग पाठपिशवीत मावतो, त्याची गाडीही सुटी होते. पण शिडाच्या छोट्या गाडीनेही हा प्रश्न बराच सोडवलाय. साधारण 30 किलोचा ऐवज एका लांब पिशवीत बसतो. दोघांनी धरून, लगेजचं तिकीट काढून, गर्दी नसलेल्या वेळी लगेजच्या डब्यातून तो नेता येतो.

कधी जायचं हे मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. कोकणात जुना हिशेब सांगतात: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. आपल्याला ओहोटी हवी दुपारच्या वाऱ्याच्या वेळी, तीन ते पाचच्या दरम्यान. म्हणजे भरती सकाळी नऊ ते साडेदहाला, म्हणजे तिथी द्वादशी ते चतुर्दशी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमा जवळ असल्याने पाणी उधाणाचं असतं, त्यामुळे ते लांब मागे हटतं आणि टणक वाळूचा पट्टा रुंद होतो. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते खरी, पण भांगाची, पाणी फारसं सरकत नाही. फाल्गुन-चैत्रातली त्रयोदशी, वायव्येचा वारा, दुपारचे साडेतीन: शिडाच्या गाडीसाठी मुंबईजवळ याहून चांगला योग मला ठाऊक नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी, कारण पाऊणचा हिशेब अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो.

जागेबद्दल. जुहूवर संध्याकाळी माणसांना चालायला जागा नसते, तिथे चाकं नकोत. आक्साचं पाणी बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे आणि वाळू फसवी. बोरिवलीहून गोराईला किंवा मार्वेहून मनोरीला होडीने पलीकडे गेलात तर आठवड्याच्या मधल्या दिवशी थोडी मोकळीक मिळते. मनापासून धावायचं असेल तर डहाणूला जावं. 2013 पासून पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. पुढे बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की नवख्यालाही वळायला धास्ती वाटत नाही. कुठेही गेलात तरी आधी पट्टा पायी चालून पाहायचा, दगड आणि रुतणारा चिखल लक्षात ठेवायचा, आणि कोळ्यांची जाळी किंवा सुकत घातलेली मासळी असेल तर तिथून लांब राहायचं. ते त्यांचं कामाचं आवार आहे.

भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत चाक घालायचं नाही. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. 2018 च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या वाळूतून पिल्लं बाहेर आली तेव्हा सगळी मुंबई हरखली होती. दक्षिणेला वेळास, आंजर्ले, गुहागरला तर हिवाळा-उन्हाळाभर घरटी राखली जातात, आणि आपल्या वाऱ्याचे महिने नेमके त्यांच्या विणीच्या हंगामात येतात.

एवढं वाचूनही ज्याचा जीव पतंगातच अडकला असेल, त्याने गाडी शेवटी घ्यावी. आधी दीड-दोन चौरस मीटरचा सरावाचा पतंग घेऊन, गाडीशिवाय, मोकळ्या जागी उभं राहून तो डोळे मिटूनही डोक्यावर स्थिर ठेवता येईल इतका हात बसवावा. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पतंगाच्या ओढीने पाण्यावरून सरकायला शिकवतात. तिथे दोऱ्या झटक्यात सोडायची कळ वापरायला शिकून घ्यावी. पतंगाला स्वतःला बांधून घ्यायचं असेल तर ती कळ हवीच, आणि पतंगाच्या गाडीला मात्र अंग कधीच बांधायचं नाही. मग बोर्डीचा रिकामा पट्टा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला शंभर मीटरपर्यंत एकही माणूस नाही अशी वेळ, आणि सोबतीला नजर ठेवणारा एक मित्र.

घरी आल्यावर दोन्ही गाड्यांचं काम सारखंच. चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरलेलं खारं पाणी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन काढायचं, कापड सावलीत वाळवायचं आणि मगच घडी घालायची.